विडुकिंड लेंत्स

विडुकिंड लेंत्स (जन्म: ४ फेब्रुवारी, १९१९, मृत्यू: २५ फेब्रुवारी, १९९५) हे जर्मन बालरोगतज्ज्ञ व मानवी आनुवंशशास्त्रज्ञ होते. गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत घेतलेले थॅलिडोमाइड हे औषध अर्भकाच्या हातापायांत व इतर अवयवांत गंभीर जन्मजात विकृती निर्माण करते, हे त्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये निदर्शनास आणून दिले. ऑस्ट्रेलियातील प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनीही याच सुमारास स्वतंत्रपणे हा संशय व्यक्त केला होता. लेंत्स यांच्या पाठपुराव्यामुळे पश्चिम जर्मनीतील विक्री बंद झाली. त्याचबरोबर गर्भाच्या वाढीच्या नेमक्या कोणत्या दिवशी घेतलेल्या गोळीने कोणत्या अवयवाला इजा होते, याचा काटेकोर कालक्रम त्यांनी मांडला. गरोदरपणातील औषधांच्या सुरक्षिततेचा विचार आज ज्या पद्धतीने केला जातो, तिच्या पायाभरणीत या कार्याचा मोठा वाटा आहे.

कुटुंब व शिक्षण

लेंत्स यांचा जन्म म्युनिक शहराजवळील आयखेनाऊ येथे झाला. त्यांचे वडील फ्रित्स लेंत्स हे जर्मनीतील आनुवंशशास्त्रज्ञ आणि सुप्रजननवादाचे एक प्रमुख पुरस्कर्ते होते. एर्विन बाऊर व ऑयगेन फिशर यांच्यासमवेत फ्रित्स लेंत्स यांनी लिहिलेला मानवी आनुवंशिकतेवरील ग्रंथ दोन महायुद्धांमधील काळात प्रमाणभूत मानला जात असे. वंशशुद्धीच्या ज्या विचारसरणीला नाझी राजवटीने आपल्या धोरणाचा आधार बनवले, तिला या ग्रंथाने शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. व्यंग असलेल्या व्यक्तींना समाजावरील भार समजणाऱ्या या विचारसरणीच्या छायेत विडुकिंड यांचे बालपण गेले. पुढे जन्मतः व्यंग असलेल्या मुलांच्या हक्कांसाठी त्यांनी दीर्घकाळ परिश्रम घेतले, हा त्यांच्या चरित्रातील लक्षणीय विरोधाभास होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. युद्धानंतर ते बालरोगचिकित्सा व आनुवंशिकी या दोन्ही शाखांकडे वळले. १९५० च्या दशकात ते हांबुर्ग विद्यापीठाच्या एपेन्डॉर्फ येथील बालरुग्णालयात काम करू लागले. रुग्णालयात येणाऱ्या बालकाची तपासणी आणि त्याच्या कुटुंबाचा इतिहास यांची सांगड घालण्याची सवय त्यांना येथेच लागली.

थॅलिडोमाइडची पार्श्वभूमी

आखेनजवळील स्टोलबेर्ग येथील केमी ग्र्युनेन्थाल या कंपनीने थॅलिडोमाइड हे रसायन १९५४ मध्ये तयार केले. १ ऑक्टोबर, १९५७ रोजी ते पश्चिम जर्मनीत कॉन्टरगान या नावाने झोपेचे व शामक औषध म्हणून बाजारात आले. त्या काळातील बार्बिट्युरेट वर्गातील झोपेच्या गोळ्यांच्या अतिमात्रेने मृत्यू होत असत. थॅलिडोमाइडच्या मोठ्या मात्रेनेही प्रयोगातील प्राणी मरत नसत. त्यामुळे ते अत्यंत निरुपद्रवी असल्याची जाहिरात करण्यात आली आणि चिकित्सकाच्या चिठ्ठीविना ते औषधांच्या दुकानात मिळू लागले. ब्रिटनमध्ये १९५८ पासून ते डिस्टाव्हल या नावाने विकले जाऊ लागले. वेगवेगळ्या नावांनी ते चाळीसहून अधिक देशांत पोहोचले.

निद्रानाश, अस्वस्थता आणि गरोदरपणातील मळमळ अशा तक्रारींवर हे औषध सर्रास दिले जाई. गर्भवतीसाठी ते सुरक्षित असल्याचे सांगितले जात असले, तरी गाभण प्राण्यांवर त्याची पुरेशी चाचणी झालेली नव्हती. मातेच्या पोटातील वार ही गर्भाचे बाह्य पदार्थांपासून रक्षण करते, असा समज तेव्हा अनेक चिकित्सकांमध्येही रूढ होता.

दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या प्रौढ रुग्णांमध्ये हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा व चेतातंतूंचा दाह अशा तक्रारी १९५९ पासून पुढे येऊ लागल्या. या तक्रारींमुळे १९६१ च्या ऑगस्टपासून पश्चिम जर्मनीतील काही राज्यांत या औषधासाठी चिठ्ठी आवश्यक ठरवण्यात आली. गर्भावरील दुष्परिणाम मात्र तोवर सार्वजनिकरीत्या उघड झालेले नव्हते.

याच काळात जर्मनीतील बालरुग्णालयांत एक विलक्षण प्रकार दिसू लागला. काही नवजात बालकांच्या दंडाची व बाहूची लांब हाडे अत्यंत आखूड किंवा पूर्णतः नसलेली असत आणि हाताचे पंजे जवळजवळ खांद्यापासूनच सुरू होत. या व्यंगास फोकोमेलिया असे म्हणतात. काही बालकांच्या पायांतही अशीच विकृती असे. काहींना बाह्यकर्ण नसे, तर काहींच्या हृदयात, आतड्यांत वा मूत्रपिंडांत दोष असत. फोकोमेलिया हे व्यंग इतके दुर्मीळ होते, की अनेक अनुभवी चिकित्सकांनी ते केवळ पुस्तकातील चित्रांत पाहिले होते. म्युन्स्टर येथील कोझेनोव्ह व फायफर यांनी अशा बालकांची माहिती १९६० मध्ये कासेल येथील बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडली. कील येथील हान्स-रुडॉल्फ वीडेमान यांनी १९६१ मध्ये अशा रुग्णांच्या वाढत्या संख्येकडे लक्ष वेधले. कारणाबाबत विषाणूसंसर्ग, किरणोत्सर्ग, आहारातील रसायने असे अनेक तर्क केले जात होते.

मातांच्या मुलाखती

१९६१ च्या उन्हाळ्यात कार्ल शुल्टे-हिलेन हे वकील लेंत्स यांना भेटले. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या आणि बहिणीच्या मुलीच्या हातांत सारखेच व्यंग होते आणि ही दोन्ही मुले काही आठवड्यांच्या अंतराने जन्मली होती. एकाच कुटुंबातील दोन मुलांना सारखे व्यंग असल्यास ते आनुवंशिक असावे, असे आनुवंशशास्त्रज्ञास प्रथम वाटणे साहजिक होते. मात्र दोन्ही घराण्यांत पूर्वी असे उदाहरण नव्हते आणि त्याच परिसरातील असंबंधित कुटुंबांतही अशी बालके आढळत होती. त्यामुळे कारण बाहेरचे असले पाहिजे, या निष्कर्षाकडे लेंत्स वळले.

हांबुर्गमधील जुन्या नोंदी तपासल्या असता, १९३० पासूनच्या सुमारे दोन लाख जन्मांत अशा व्यंगाचे जेमतेम एखादेच उदाहरण सापडले. अलीकडच्या वर्षभरातील काही हजार जन्मांत मात्र अशी अनेक बालके जन्मली होती. ही वाढ योगायोगाची असणे शक्य नव्हते.

यानंतर लेंत्स यांनी बाधित कुटुंबांच्या घरी जाऊन मातांच्या मुलाखती घेण्यास प्रारंभ केला. या कामात शुल्टे-हिलेन हे त्यांचे सहकारी झाले. घरातील साबण, धुण्याची रसायने, खाद्यपदार्थ, क्ष-किरण तपासण्या, आजारपणे आणि औषधे अशा सर्व बाबींची चौकशी ते करीत. अनेक मातांनी सुरुवातीस कॉन्टरगानचा उल्लेखच केला नाही. ही गोळी इतकी किरकोळ व निर्धोक मानली जात होती, की तिला औषध म्हणून सांगावे असे त्यांना वाटले नव्हते. काहींना शेजारणीने वा नातेवाइकाने एखाद-दुसरी गोळी दिली होती आणि तिची कोठेही नोंद नव्हती. लेंत्स यांनी या औषधाचे नाव घेऊन पुन्हा विचारणा केली, घरातील औषधांचे डबे व चिकित्सकांच्या चिठ्ठ्या तपासल्या, तेव्हा एकामागून एक होकार मिळू लागले.

या चौकशीला आणखी एक मानवी बाजू होती. व्यंग असलेल्या बालकाच्या जन्मानंतर अनेक मातांना घरातून व समाजातून दोष दिला जात असे. घराण्यातील दोष, मद्यपान, गर्भपाताचा प्रयत्न अशी कारणे त्यांच्या माथी मारली जात. वंशशुद्धीच्या प्रचाराच्या आठवणी जर्मनीत अजून ताज्या असल्याने काही कुटुंबे आपले मूल लोकांसमोर आणण्यास कचरत. लेंत्स यांच्या संशोधनाने या मातांवरील आरोप निराधार ठरवला.

नोव्हेंबर १९६१

१५ नोव्हेंबर, १९६१ रोजी लेंत्स यांनी ग्र्युनेन्थाल कंपनीच्या संशोधनप्रमुखांना दूरध्वनी करून आपला संशय कळवला व औषध त्वरित मागे घेण्याची विनंती केली. पाठोपाठ त्यांनी पत्रही पाठवले. निर्णयास एक महिना उशीर झाला तरी आणखी पन्नास ते शंभर बालके व्यंगासह जन्मतील, असा इशारा त्यांनी त्यात दिला होता.

१८ नोव्हेंबर रोजी ड्युसेलडॉर्फ येथील बालरोगतज्ज्ञांच्या बैठकीत त्यांनी आपली निरीक्षणे मांडली. शास्त्रीय पुरावा अद्याप अपुरा असला, तरी एक माणूस व नागरिक या नात्याने आपण गप्प राहू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. बैठकीत त्यांनी औषधाचे नाव उच्चारले नाही. तरीही, त्यांच्या आठवणीनुसार, त्याच रात्री एका चिकित्सकाने त्यांना एकांतात गाठून ते औषध कॉन्टरगान आहे काय असे विचारले. त्या चिकित्सकाच्या पत्नीने गरोदरपणी ते घेतले होते आणि त्यांच्या मुलाला तेच व्यंग होते.

त्यानंतरच्या आठवड्यात हांबुर्ग व ड्युसेलडॉर्फ येथे शासकीय अधिकारी व कंपनीचे प्रतिनिधी यांच्यासमवेत बैठका झाल्या. संख्याशास्त्रीय पुरावा पूर्ण नाही, या मुद्द्यावर कंपनीने विक्री थांबवण्यास नकार दिला आणि औषधावर गर्भवतींसाठी सूचना छापण्याची तयारी दाखवली. लेंत्स यांच्या मते अशी सूचना पुरेशी नव्हती. गर्भाला इजा होण्याचा काळ इतका लवकर येतो, की आपण गरोदर आहोत हे अनेक स्त्रियांना तेव्हा ठाऊकही नसते. २६ नोव्हेंबर रोजी वेल्ट आम झोनटाग या वृत्तपत्राने ही बातमी प्रसिद्ध केली आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २७ नोव्हेंबर, १९६१ रोजी, कंपनीने पश्चिम जर्मनीतील विक्री बंद केली. ब्रिटनमध्ये डिसेंबरच्या आरंभी औषध मागे घेण्यात आले. मॅकब्राइड यांचे पत्र लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर १९६१ मध्ये, तर लेंत्स यांचे पत्र जानेवारी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडामध्ये मार्च १९६२ पर्यंत, तर जपानमध्ये सप्टेंबर १९६२ पर्यंत विक्री चालू राहिली. या विलंबाची किंमत त्या देशांतील कुटुंबांना मोजावी लागली.

जगभरात सुमारे १०,००० बालके थॅलिडोमाइडमुळे व्यंगासह जन्मली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांतील निम्म्याच्या आसपास पश्चिम जर्मनीतील होती. त्यांपैकी अनेक बालके अल्पवयातच दगावली. गर्भपात व मृतजन्म यांची पूर्ण गणना होऊ शकली नाही.

संवेदनशील काळाचा कालक्रम

औषध मागे घेतल्यानंतरही लेंत्स यांचे संशोधन चालूच राहिले. ज्या मातांना गोळी घेतल्याची तारीख निश्चितपणे सांगता येत होती, त्यांच्या माहितीची त्यांनी बालकाच्या व्यंगाशी तुलना केली. शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास साधारणतः ३४ व्या ते ५० व्या दिवसाच्या दरम्यान घेतलेले थॅलिडोमाइड विकृती निर्माण करते, असे त्यांना आढळले.

या अवघ्या अडीच आठवड्यांतही निश्चित क्रम होता. आरंभीच्या दिवसांत औषध घेतल्यास बाह्यकर्ण व चेहऱ्याच्या चेता यांवर परिणाम होई. त्यानंतरच्या दिवसांत हात आणि त्यापाठोपाठ पाय बाधित होत. काळाच्या अखेरीस घेतलेल्या गोळीमुळे अंगठ्याला दोनऐवजी तीन पेरी येणे किंवा गुदमार्ग अरुंद होणे असे दोष दिसत. ज्या दिवसांत जो अवयव घडत असतो, त्या दिवसांत त्या अवयवाला इजा होते, हे यातून स्पष्ट झाले. इजा होण्यास एक गोळीही पुरेशी ठरू शकत होती. याउलट, संवेदनशील काळ संपल्यानंतर गोळ्या घेतलेल्या मातांची मुले या विकृतींविना जन्मली. त्यामुळे गरोदरपणात औषधाने धोका आहे काय, या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या नावाइतकेच गर्भाच्या वयावर अवलंबून असते, हे तत्त्व चिकित्साशास्त्रात दृढ झाले.

प्राण्यांवरील प्रयोगांच्या मर्यादाही याच सुमारास उघड झाल्या. उंदरांच्या जातींवर थॅलिडोमाइडचा असा परिणाम सहसा दिसत नाही, तर सशांच्या काही जातींत १९६२ मध्ये तो दाखवता आला. यानंतर नवीन औषधांची चाचणी एकाहून अधिक जातींच्या गाभण प्राण्यांवर करण्याची प्रथा रूढ झाली.

आल्सडॉर्फ येथील खटला

ग्र्युनेन्थाल कंपनीच्या अधिकाऱ्यांवरील फौजदारी खटला २७ मे, १९६८ रोजी आखेनजवळील आल्सडॉर्फ येथे सुरू झाला. लेंत्स हे या खटल्यातील प्रमुख तज्ज्ञ साक्षीदार होते. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्यांची अनेक दिवस उलटतपासणी घेतली. बाधित कुटुंबांना त्यांनी केलेली मदत व शुल्टे-हिलेन यांच्याशी असलेले सहकार्य यांकडे बोट दाखवून त्यांच्यावर पक्षपाताचा आक्षेप घेण्यात आला. न्यायालयाने तो आक्षेप मान्य केला व तज्ज्ञ म्हणून त्यांची साक्ष वगळली. बालकांच्या बाजूने उभे राहणे हेच त्यांच्या साक्षीला बाधक ठरले.

१० एप्रिल, १९७० रोजी कंपनी व पालक यांच्यात समझोता होऊन कंपनीने १० कोटी मार्क देण्याचे मान्य केले. १८ डिसेंबर, १९७० रोजी न्यायालयाने कोणासही शिक्षा न देता खटला थांबवला. तथापि, थॅलिडोमाइडमुळेच या विकृती झाल्या, ही बाब न्यायालयाने आपल्या आदेशात ग्राह्य धरली. लेंत्स यांची साक्ष वगळली गेली असली, तरी त्यांचा मूळ निष्कर्ष अशा रीतीने कायम राहिला. पुढे कायद्याद्वारे स्थापन झालेल्या निधीतून बाधितांना निवृत्तिवेतन मिळू लागले.

जपानमधील बाधितांच्या खटल्यातही लेंत्स यांनी साक्ष दिली. विविध देशांतील मुलांची तपासणी करून त्यांचे व्यंग थॅलिडोमाइडमुळे आहे की अन्य कारणाने, याविषयी ते मत देत असत. थॅलिडोमाइडजन्य विकृतींशी साम्य असलेले काही आनुवंशिक विकारही असल्याने हे निदान कठीण असे आणि त्यावरच मुलाची भरपाई अवलंबून असे.

आनुवंशिकीतील कार्य

लेंत्स हे हांबुर्ग विद्यापीठात मानवी आनुवंशिकीचे प्राध्यापक होते. १९६५ मध्ये ते म्युन्स्टर विद्यापीठातील मानवी आनुवंशिकी संस्थेचे प्रमुख झाले व १९८४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या आधी हे पद ओटमार फॉन फेरश्यूअर यांच्याकडे होते. फेरश्यूअर हे नाझी काळातील वंशशास्त्राचे एक प्रमुख नाव होते. लेंत्स यांचा वैद्यकीय आनुवंशिकीवरील पाठ्यग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांची अपुरी वाढ असलेला एक आनुवंशिक विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. हाडांच्या एका दुर्मीळ विकारालाही त्यांचे व मायेव्हस्की यांचे संयुक्त नाव आहे.

औषधांच्या सुरक्षिततेवरील परिणाम

अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी स्त्रीने पुरेशी माहिती नसल्याच्या कारणावरून थॅलिडोमाइडला परवाना देणे लांबवले होते. जर्मनीतील घटना उघड झाल्यावर ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकी कायद्यात औषधांच्या परिणामकारकतेचा पुरावा बंधनकारक करणारी दुरुस्ती झाली. पश्चिम जर्मनीतही १९७६ मध्ये औषधविषयक कडक कायदा करण्यात आला.

थॅलिडोमाइड मात्र वैद्यकातून कायमचे बाद झाले नाही. कुष्ठरोगात उद्भवणाऱ्या वेदनामय त्वचाप्रतिक्रियेवर ते गुणकारी ठरते, असे याकोब शेस्किन यांना १९६४ मध्ये जेरुसलेम येथे आढळले. पुढे इतर उपायांना दाद न देणाऱ्या, तीव्र खाज व गाठी असलेल्या प्रुरिगो नोड्युलॅरिस या त्वचाविकारावर आणि अस्थिमज्जेच्या मायलोमा या कर्करोगावरही ते वापरले गेले. अमेरिकेत १९९८ मध्ये त्यास मान्यता देताना गर्भचाचणी, खात्रीशीर गर्भनिरोध व नोंदणी यांची सक्ती करण्यात आली. ब्राझीलमध्ये कुष्ठरोगावरील या औषधामुळे नंतरच्या काळातही बाधित बालके जन्मली. त्यामुळे अशा निर्बंधांची आवश्यकता पुन्हा अधोरेखित झाली. औषध सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटून गर्भाच्या वाढीत व्यत्यय आणते, हे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले.

या घटनेनंतर निर्माण झालेल्या भीतीचा उलट परिणामही दिसून आला. गरोदरपणातील मळमळीवर दिले जाणारे डॉक्सिलामिन हे ॲलर्जीरोधक आणि ब जीवनसत्त्व यांचे मिश्रण असलेले बेन्डेक्टिन हे औषध अमेरिकेत खटल्यांमुळे १९८३ मध्ये निर्मात्याने बंद केले. त्याने विकृती होत असल्याचे अभ्यासांतून सिद्ध झाले नाही. २०१३ मध्ये तेच मिश्रण तेथे पुन्हा मान्यता मिळवून बाजारात आले. मधल्या तीस वर्षांत अनेक स्त्रियांना उपयुक्त उपचार उपलब्ध नव्हता. गरोदरपणात मळमळ, निद्रानाश वा असह्य खाज यांसारख्या तक्रारी दुर्लक्षित ठेवणे किंवा मनाने गोळी घेणे, ही दोन्ही टोके टाळून औषधाचे नाव, मात्रा व गर्भाचे आठवडे यांचा एकत्रित विचार करण्याची पद्धत आज मान्य झाली आहे. अनेक देशांतील गर्भावस्था-नोंदवह्या याच हेतूने माहिती गोळा करतात.

मृत्यू

विडुकिंड लेंत्स यांचे २५ फेब्रुवारी, १९९५ रोजी म्युन्स्टर येथे निधन झाले. ग्र्युनेन्थाल कंपनीने बाधितांची जाहीर क्षमा त्यानंतर सतरा वर्षांनी, म्हणजे ३१ ऑगस्ट, २०१२ रोजी, स्टोलबेर्ग येथे मागितली.